एका टाकीत दोन पंगती : आफ्रिकन सिक्लिड आणि त्यांची पोटं

नंदुरबारसारख्या गावात माशांच्या दुकानात जाऊन 'मिक्स आफ्रिकन' मागितले, की पाण्याच्या पिशवीत पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे आठ-दहा मासे मिळतात. सगळे बोटभर, सगळे चपळ, आणि माणूस दिसला की काचेला नाक लावून खाणं मागणारे. पहिले दोन-तीन महिने झकास जातात. मग एखादा पट्टेवाला फुगतो, पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात जोरजोरात श्वास घेत राहतो, खाणं सोडतो आणि चार-सहा दिवसांत मरतो. त्याच वेळी एखादा निळा पीकॉक दिवसेंदिवस बारीक होत जातो, रंग उतरतो, दगडामागून बाहेरच येत नाही. म्हणजे एका टाकीत एक नको ते खाऊन गेला आणि दुसरा उपाशी राहून चालला. खाणं मात्र दोघांना एकच, एकाच वेळी, एकाच चिमटीतून पडत होतं.

असं का होतं आणि वेगवेगळ्या खाण्याचे हे मासे एकत्र ठेवायचेच असतील तर काय करता येतं, ते या लेखात सांगते. (उच्चार सिक्लिड. दुकानात 'सिचलिड', 'चिकलिड' काहीही ऐकू येतं. इंग्रजी स्पेलिंगच तसं आहे, त्यामुळे कोणाला हसू नका.)

पिशवीत कोण कोण असतं

दुकानात आफ्रिकन म्हणून विकले जाणारे बहुतेक सिक्लिड मूळचे मलावी सरोवराचे. पूर्व आफ्रिकेतलं हे सरोवर साडेपाचशे किलोमीटरहून लांब आणि सुमारे ७०० मीटर खोल आहे. त्यात सिक्लिडांच्या पाचशेहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. अगदी मोजक्या पूर्वजांपासून, भूशास्त्राच्या हिशेबात कालपरवाच, इतक्या जाती तयार झाल्या. जातींचं हे फुटणं मोठ्या प्रमाणात खाण्यावरून झालं, असं मानायला भरपूर आधार आहे. कोणी दगडावरचं शेवाळ खरवडतो, कोणी वाळू तोंडात घेऊन चाळतो, कोणी गोगलगायी फोडतो, कोणी दुसऱ्यांची पिल्लं गिळतो.

आपल्या पिशवीतले पट्टेवाले ऑराटस आणि जोहानी, निळे झेब्रा, हे सगळे 'एम्बुना' गटातले. एम्बुना हा तिथल्या मच्छीमारांचा शब्द, दगडांत राहणाऱ्या माशांसाठी. यांचं मुख्य खाणं दगडावरचा शेवाळाचा गालिचा. पीकॉक म्हणून मिळतात ते ऑलोनोकारा. ते दगड संपून वाळू सुरू होते त्या भागात राहतात. त्यांच्या जबड्याखाली आणि गालांवर मोठी छिद्रं असतात. त्या छिद्रांतल्या संवेदी पेशींनी वाळूखाली हलणारी अळी त्यांना जाणवते. पीकॉक वाळूवर बोटभर अंतरावर स्थिर थांबतो आणि एकदम तोंड खुपसतो. इलेक्ट्रिक ब्लू हा पिल्लं खाणारा शिकारी. त्याचं शास्त्रीय नाव सायनोक्रोमिस फ्रायराय. जेफ्री फ्रायर या शास्त्रज्ञाच्या नावावरून ते दिलंय. मलावीच्या दगडाळ किनाऱ्यावर कोण काय खातं याचा पायाभूत अभ्यास फ्रायरनेच १९५०च्या दशकात केला होता.

पिवळाधमक येलो लॅब दिसतो एम्बुना, राहतोही त्यांच्यासारखाच, पण त्याचा कल छोट्या किड्यांकडे आणि गोगलगायींकडे जास्त असतो. याचा उपयोग पुढे येणार आहे.

कधीकधी याच पिशवीत टांगानिका सरोवराचे मासेही येतात : कपाळावर टेंगूळ असलेला फ्रंटोसा, किंवा महागडा ट्रोफियस. फ्रंटोसा संथ शिकारी, ट्रोफियस पक्का शेवाळवाला. एकाच सरोवरातले असूनही खाण्याच्या बाबतीत ही दोन टोकं आहेत.

आतड्याची लांबी

माशाचं आतडं पाहायला आफ्रिकेला जायची गरज नाही. नंदुरबारच्या मासळी बाजारात टिलापिया मिळतो, पुणे-सोलापूरकडे त्याला चिलापी म्हणतात. चिलापी हा आफ्रिकन सिक्लिडच. १९५२ साली तो भारतात आणला गेला आणि आता अनेक जलाशयांत तो घरचा होऊन बसलाय. पुढच्या वेळी चिलापी साफ करताना आतडं फेकून देण्याआधी एकदा उलगडून बघा. घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं आणि उलगडत राहतं, उलगडत राहतं. शरीराच्या लांबीच्या सात ते दहापट आतडं हे चिलापीत नेहमीचं आहे. शेजारी मरळ ठेवा, जी बेडूक-मासे खाते. तिचं आतडं शरीराएवढंही भरत नाही.

कारण सोपं आहे. वनस्पतीच्या पेशीला जाड भिंत असते आणि तिच्यातून पोषण काढायला वेळ लागतो. आतडं लांब असलं की अन्न आत जास्त वेळ राहतं आणि शोषायला जागाही जास्त मिळते. मांस पटकन पचतं, त्याला एवढा प्रवास लागत नाही. चिलापीने तर आणखी एक सोय केलीय. त्याच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की सामू दीडच्याही खाली जातो, आणि निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पेशी त्यात फुटतात. (सामू म्हणजे पीएच. माती परीक्षणाच्या कागदावर असतो तोच.)

एकाच घराण्यातल्या माशांत हे किती नेमकं जुळतं, ते कॅथरीन वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली टांगानिकाच्या सिक्लिडांवर दाखवलं. कोण काय खातं हे त्यांनी नुसतं पोट फाडून ठरवलं नाही, कारण पोटात फक्त आजचं जेवण सापडतं. त्यांनी स्नायूंमधला जड नायट्रोजन मोजला. अन्नसाखळीत एकेक पायरी वर गेलं की शरीरात नायट्रोजन-१५चं प्रमाण ठरावीक अंदाजाने वाढतं. शेवाळ खाणाऱ्यात कमी, किडे खाणाऱ्यात जास्त, मासे खाणाऱ्यात त्याहून जास्त. शरीर हे अनेक आठवड्यांचं खाणं लिहून ठेवतं, असं समजा. या मापाशी आतड्याची लांबी ताडून पाहिली तर जो साखळीत खाली त्याचं आतडं लांब आणि जो वर त्याचं आखूड, हे नातं स्पष्ट मिळालं.

आता पुन्हा आपल्या टाकीकडे. लांब आतड्याचा एम्बुना आणि आखूड आतड्याचा इलेक्ट्रिक ब्लू एका चौकोनात आहेत आणि वरून येणारा दाणा एकच आहे. इथवर वाचून वाटेल की एम्बुना मांसाला तोंड लावणार नाही, पीकॉक पालक सोडून देईल आणि प्रश्न आपोआप सुटेल. टाकीत घडतं नेमकं उलट.

लीमचा विरोधाभास

हार्वर्डमध्ये कारेल लीम नावाचे शास्त्रज्ञ होते. सिक्लिडांच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते हे आधीपासून माहीत होतं. (हीही चिलापीत बघा : कल्ल्यांच्या मागे, घशात, बारीक दातांची त्रिकोणी पट्टी.) पुढचे जबडे पकडतात आणि मागचे चावतात. त्यामुळे पुढच्या जबड्यांना हवे तसे बदलायला मोकळीक मिळाली आणि म्हणूनच या घराण्यात खाण्याचे इतके प्रकार झाले, अशी मांडणी लीम यांनी १९७३ साली केली.

त्यानंतर त्यांनी या 'तज्ज्ञ' माशांना प्रत्यक्ष वेगवेगळं खाणं घालून पाहिलं आणि एक विचित्र गोष्ट समोर आली. ज्या माशाचे दात फक्त शेवाळ खरवडण्यासाठी बनल्यासारखे दिसतात, तो मासा इतरही अनेक प्रकारे खाऊ शकत होता. शोषून घेणं, झडप घालणं, टिपणं, सगळं. अवयव एका कामासाठी घडवलेले आणि मासा मात्र मिळेल ते खाणारा. १९८०च्या त्यांच्या कामावरून याला 'लीमचा विरोधाभास' हे नाव पडलं. १९८३ साली मॅकाय आणि मार्श यांनी हीच गोष्ट खुद्द मलावी सरोवरात दाखवली. शेवाळ खरवडणाऱ्या दोन जातींचे मासे, पाण्यात सूक्ष्मजीवांची चंगळ झाली की दगड सोडून वर येत आणि तेच खात.

याचं समाधानकारक स्पष्टीकरण रॉबिन्सन आणि विल्सन यांनी १९९८ साली मांडलं. ते थोडक्यात असं. मऊ, सोपं, पौष्टिक खाणं सगळ्यांनाच आवडतं आणि सगळ्यांनाच खाता येतं. त्यासाठी खास दात लागत नाहीत. खास दात लागतात ते चांगलं खाणं संपल्यावर, जेव्हा दगडाला चिकटलेलं शेवाळ हेच काय ते उरतं. म्हणजे माशाचं तोंड पाहून त्याची आवड कळत नाही. दुष्काळात तो कशावर जगतो, ते कळतं.

आपल्याकडे ज्यांनी दुष्काळ पाहिलाय त्यांना हे पटकन समजेल. सातपुड्यात टंचाईच्या दिवसांत लोकांनी रानातले कंद खोदून खाल्ले, कडू कंद रात्रभर पाण्यात ठेवून त्यांचा कडूपणा काढून खाल्ले. ते करायला ज्ञान लागतं, वेगळं कौशल्य लागतं. पण ताटात भाकरी-डाळ आली तर कोण कंद खोदायला जाईल?

तुमच्या टाकीत टंचाई कधीच येत नाही. रोज दोनदा आकाशातून मऊ, पौष्टिक, सोपं खाणं पडतं. शेवाळवाला एम्बुना त्यावर सगळ्यात आधी तुटून पडतो, कारण सरोवरात तो दिवसभर चरत असतो, भांडखोर असतो आणि आपली जागा राखायला शिकलेला असतो. वाळूवर शांत थांबून ऐकणारा पीकॉक या झुंडीत मागे पडतो. त्याच्यासाठी टाकलेली कोळंबी एम्बुनाच्या पोटात जाते, आणि तळाशी काही पोचलंच तर दाण्याचा भुगा. लांब आतड्याच्या माशाला सोसत नाही ते भरपूर मिळतं आणि आखूड आतड्याच्याला हवं ते मिळत नाही. एम्बुना स्वतःहून नको म्हणणार नाही, म्हणून त्याच्या वतीने हात आपण आवरायचा.

ब्लोट म्हणजे काय

पोट फुगून मरणाऱ्या या आजाराला मत्स्यपालक 'मलावी ब्लोट' म्हणतात. आधी भूक जाते, मासा दाणा तोंडात घेतो आणि थुंकतो. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबते. मग पोट फुगतं, श्वास वाढतो. या टप्प्यावर मासा सहसा वाचत नाही.

कारण म्हणून इंटरनेटवर ठामपणे एकच गोष्ट सांगितली जाते : ब्लडवर्म घातले, मांस घातलं, म्हणून झालं. मला हे अर्धवट वाटतं. एम्बुना ज्या शेवाळाच्या गालिच्यावर चरतात त्यात नुसतं शेवाळ नसतंच. किड्यांच्या अळ्या, बारीक कवचधारी जीव, सगळं त्यात गुंतलेलं असतं आणि माशाच्या पोटात जातं. ब्लडवर्म म्हणजे तरी काय, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या एका माशीची अळीच. तेव्हा तो एम्बुनासाठी विष आहे असं म्हणता येत नाही. फरक प्रमाणाचा आणि वेळेचा आहे. सरोवरात दिवसभर थोडं थोडं, तंतुमय, पाणचट खाणं, आणि टाकीत दोन मिनिटांत पोट तट्ट.

आजारी माशांच्या आतड्यात बऱ्याचदा स्पायरोन्युक्लिअससारखे चाबूकधारी एकपेशीय जीव सापडतात. पण ते कमी संख्येने निरोगी माशातही असतात. वाईट पाणी, सततची मारहाण, चुकीचं खाणं, प्रवासाचा ताण यांतल्या एक-दोन गोष्टी जुळून आल्या की त्यांची संख्या भडकते. या आजाराचं एकच एक कारण कुणीही सिद्ध केलेलं नाही. मेट्रोनिडाझोल वापरतात, लवकर दिलं तर कधी उपयोगही होतो, पण ते जाणकाराला विचारून आणि मासा वेगळ्या टाकीत काढून. घरातल्या औषधांच्या डब्यातली गोळी सगळ्या टाकीत कुस्करून टाकणं हा उपचार नाही.

'व्हेज' खाद्याबद्दलही एक गैरसमज काढायला हवा. एम्बुनाला प्रथिनं कमी द्यायची म्हणून लोक स्पिरुलिनाचं खाद्य आणतात. आणायला हरकत नाही, पण वाळलेल्या स्पिरुलिनात वजनाच्या साधारण ५५ ते ६५ टक्के प्रथिनंच असतात! सुक्या डाळीच्या दुपटीहून जास्त. ते एम्बुनाला मानवतं, म्हणजे प्रथिनं हा खरा खलनायक नाही. मी जास्त लक्ष स्निग्धांशाकडे देते. बकऱ्याचं काळीज, कोंबडीचं मांस, गुरांचं हृदय यांतली चरबी २५-२६ अंशाच्या पाण्यात राहणाऱ्या माशाच्या शरीरात नीट वितळतही नाही. हे पदार्थ या टाकीत नकोतच, शिकारी माशांसाठीही नकोत.

बोअरचं पाणी आणि जास्तीचा दाणा

आता आपल्या भागाची गोष्ट. बेसॉल्टच्या कातळातून आलेलं आपलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आणि अल्कधर्मी. तपेलीवर पांढरी पुटं चढतात तेच. मऊ पाण्याचे मासे त्यात कुरकुरतात. मलावीचे सिक्लिड मात्र खूश, कारण त्यांच्या सरोवराचा सामू पावणेआठ ते साडेआठच्या पुढे जातो. दुकानदार 'आपल्या पाण्याला आफ्रिकन चांगले' म्हणतो ते खरंच आहे.

पण याच पाण्यात जास्तीचा दाणा जास्त घातक ठरतो. प्रथिनांमध्ये सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. मासा तो बहुतांशी अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून पाण्यात सोडतो. अमोनिया पाण्यात दोन रूपांत राहतो, एक तुलनेने निरुपद्रवी आणि एक विषारी. कोणतं किती, हे सामू आणि तापमान ठरवतात. २८ अंशाच्या पाण्यात सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी १ टक्क्याहून कमी विषारी रूपात असतो. सामू ८.२ असेल तर साधारण १० टक्के. तेवढ्याच घाणीचं विष चौदापट झालं.

एक हिशेब करू. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत काठोकाठ २५५ लिटर पाणी मावतं. दगड-वाळू धरून २२० समजा. दिवसाला ५ ग्रॅम दाणा टाकला, त्यात ४० टक्के प्रथिनं, म्हणजे २ ग्रॅम, म्हणजे ०.३२ ग्रॅम नायट्रोजन. त्यातला निम्मा जरी अमोनिया म्हणून बाहेर आला तरी लिटरला ०.७ मिलिग्रॅम. त्याचे १० टक्के म्हणजे ०.०७. मत्स्यशेतीत विषारी अमोनिया ०.०५च्या आसपास गेला की कल्ल्यांना इजा सुरू होते असं धरतात. म्हणजे फिल्टरमधल्या जिवाणूंनी एक दिवस संप केला तर एका दिवसाच्या खाण्यानेच आपण ती रेषा ओलांडतो. लाइट जाऊन फिल्टर पाच-सहा तास बंद पडला की हे जिवाणू प्राणवायूविना मरायला लागतात. म्हणून लाइट गेलेल्या दिवशी खाणं बंद. हा नियम मी इतर सगळ्या नियमांच्या आधी ठेवते.

कोणाला कोणाबरोबर ठेवावं

आधी नकार सांगते. ट्रोफियसबरोबर मांस खाणारा कोणीही नको. त्याचं पोट या सगळ्यांत नाजूक आणि त्याला स्वजातीयांचा मोठा थवा लागतो. त्याची टाकी वेगळीच हवी. फ्रंटोसा एम्बुनांच्या गर्दीत ठेवू नका. तो पहाटेच्या अंधुक उजेडात संथपणे शिकार करणारा मासा आहे, चपळ भांडखोरांपुढे तो उपाशी राहतो. व्हीनस्टससारखे शिकारी २५ सेंटिमीटरपर्यंत वाढतात आणि तोंडात मावेल तो प्रत्येक शेजारी त्यांना खाद्यच वाटतो. आणि ऑराटस! दिसायला देखणा, पण नर मोठा झाला की तो टाकीचा सातबारा स्वतःच्या नावावर करतो. चार फुटी टाकीत पीकॉकबरोबर ऑराटस मी कोणालाही सुचवणार नाही.

जमणारी जोडी म्हणजे पीकॉक आणि येलो लॅब. येलो लॅबचं पोट मधल्या प्रकारचं आणि स्वभाव एम्बुनांच्या मानाने मवाळ, त्यामुळे दोन्ही पंगतींत तो बसतो. मोठी, सहा फुटी टाकी असेल तर सौम्य एम्बुना आणि पीकॉक एकत्र जमू शकतात. प्रत्येक जातीचा नर एक आणि माद्या तीन-चार ठेवल्या तर एकीवर सगळा छळ होत नाही. दिसायला सारख्या जाती एकत्र नकोत. नर भांडतात आणि संकर होतो.

टाकीची मांडणी सरोवरासारखी करा, म्हणजे अर्ध्या भागात दगडांची रास आणि अर्ध्या भागात मोकळी वाळू. एम्बुना दगड धरतात, पीकॉकला वाळू उरते. आपल्याकडचा नदीतला काळा गुळगुळीत बेसॉल्ट यासाठी उत्तम, पाण्यात काही सोडत नाही आणि फुकट मिळतो. फक्त दगड वाळूवर नका रचू. आधी तळाच्या काचेवर थर्माकोलची पातळ पट्टी, तिच्यावर दगड, मग भोवती वाळू. हे मासे वाळू उकरतात आणि खालची वाळू गेली की रास काचेवर कोसळते.

वाढायचं कसं

मूळ खाद्य एकच ठेवा आणि ते सगळ्यांत नाजूक पोटाच्या माशाच्या हिशेबाने निवडा. स्पिरुलिना आणि मासळीची भुकटी दोन्ही असलेला, ३५ ते ४० टक्के प्रथिनांचा, स्निग्धांशाचा आकडा एक अंकी असलेला बारीक दाणा. पीकॉक आणि येलो लॅब यावर नीट वाढतात, कारण आखूड आतड्याला हा दाणा जड नाही. उलट शिकाऱ्यांसाठीचा चरबीदार दाणा एम्बुनाला दिला तर तो सोसत नाही. तडजोड याच दिशेने होऊ शकते.

दिवसातून दोन-तीनदा, दर वेळी मिनिटभरात संपेल एवढंच. आधी दगडांच्या बाजूला तरंगणारं खाद्य टाका. एम्बुनांची झुंड तिकडे गेली की लगेच वाळूच्या टोकाला बुडणारे दाणे सोडा. पाच-सहा दिवसांत पीकॉक आपल्या बाजूला थांबायला शिकतात. सिक्लिड हे लक्षात ठेवणारे मासे आहेत. पीकॉकसाठी आठवड्यातून एकदा सोललेल्या कोळंबीचे बारीक तुकडे, तेही एम्बुनांची पोटं दाण्याने भरल्यावर, चिमट्याने वाळूजवळ धरून. गटारातून आलेला जिवंत टुबिफेक्स मात्र कोणालाच नको.

आणि नंदुरबारचं ऊन वापरा. आठ-दहा चपटे दगड बादलीत, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात बुडवून, गच्चीवर ठेवा. दोन आठवड्यांत त्यांवर हिरवा थर धरतो. असे दोन दगड टाकीत ठेवायचे, एम्बुना ते साफ करतात, मग पुन्हा गच्चीवर. एम्बुनाला दिवसभर चरायला मिळतं आणि त्यांचं भांडणही कमी होतं. बादलीवर जाळी बांधा, नाहीतर डास अंडी घालतील. उकडलेला मटार आणि पालकही चालतो, पण मला दगडच आवडतो.

आठवड्यातून एक दिवस उपास. चतुर्थीला धरा हवं तर, फक्त त्यांच्या उपासाला साबुदाणा नाही. दया यायचं कारण नाही. मलावीची मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते तेव्हा ती साधारण तीन आठवडे जवळजवळ काहीच खात नाही.

मे महिन्यात हे सगळं वेळापत्रक बदलतं. बाहेर पारा चाळिशीपलीकडे गेला की टाकी ३२ अंशाला सहज जाते. २५ अंशाच्या पाण्यात लिटरला सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ ला ७.३. शिवाय गरम पाण्यात माशाची गरज वाढते आणि पचनासाठी आणखी प्राणवायू लागतो. तेव्हा खाणं निम्म्यावर आणा आणि तेही पहाटे द्या. टाकीचं झाकण काढून वर जाळी टाका आणि पाण्यावरून छोटा पंखा फिरवा. माठासारखंच, आपल्या कोरड्या हवेत दोन-तीन अंश उतरतात. उडालेल्या पाण्याची भर बोअरच्या पाण्याने घालत राहिलात तर क्षार साठत जातात, कारण उडतं ते फक्त पाणी. भर आरओच्या पाण्याने घाला आणि बोअरचं पाणी दर आठवड्याला पाव टाकी बदलताना वापरा.

एवढं करूनही एखादा मासा जमणार नाही. सगळ्यांना मारेल, किंवा टाकीपेक्षा मोठा होईल. त्याला दुकानात परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या कोणाला द्या. तापीत, गोमाईत, उकाईच्या फुगवट्यात किंवा गावच्या तळ्यात सोडू नका. चिलापी आणल्यानंतर सात वर्षांतच, १९५९ साली, देशात त्याच्या पुढच्या प्रसारावर बंदीची शिफारस झाली, पण तोवर तो पसरलेला होता. उजनीत आज मच्छीमारांच्या जाळ्यात काटेरी सकर मासा येतो. टाकीची काच साफ करायला लोक घरी आणतात, तोच. तो जाळी फाडतो आणि त्याला गिऱ्हाईक नाही. लीमच्या माशांकडे पाहिलं तर धोका कळतो : मिळेल ते खाणारा आणि टंचाईतही तग धरणारा मासा नव्या पाण्यात सहज टिकतो.

दिवाळीला आठवडाभर गावी जाणार असाल तर शेजाऱ्यांना डबा देऊ नका. शेजारी प्रेमाने मूठभर टाकतात, कारण मासे काचेला नाक लावून मागतात. मोठे, निरोगी सिक्लिड आठवडाभर न खाता राहू शकतात. अगदीच राहवत नसेल तर एकेका वेळचा दाणा मोजून कागदाच्या पुड्या बांधा, त्यांवर तारखा लिहा, दोन दिवसांआड एक एवढ्याच पुड्या ठेवा आणि डबा कपाटात कुलूपबंद करा.